गेट सोडता येत नाही

वारून महिना झालेले टिपणीस साहेब भर दुपारी शेलूच्या त्या अर्धवट इमारतीच्या गेटवर आले आणि नेहमीसारखं म्हणाले, "चांगो, जरा वर जाऊन येतो रे."

चांगो वॉचमननं सवयीनं सलाम ठोकला आणि मग त्याचा हात कपाळावरच राहिला. याच गेटवर टिपणीसबाई रडत सांगून गेल्या होत्या, की साहेब गेले, शेवटपर्यंत विचारत होते, पझेशन कधी मिळणार. चांगोनं स्वतः त्यांना धीर दिला होता. साहेब आता आकाशातल्या बापाच्या घरी गेले, तिथं खोल्यांची कमी नाय, अन् तिथलं काम कंदी बंद पडत नाय. चर्चच्या पाळकांकडून ऐकलेलं होतं; थोडं पदरचं घातलं होतं.

स्वर्ग हा चांगोचा घरचाच विषय. इमारतीचं काम थांबल्यापासून तिथं तो आणि कबुतरं एवढेच उरले होते, आणि स्वर्गाबद्दल इतकं ऐकलेली कबुतरं कर्जत तालुक्यात दुसरी नसतील. "आपन हितं पावनं," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. "बोलावनं आलं का निघायचं. मागं वळून बघायचं नाय." बीपीची गोळी मात्र तो चुकवत नसे.

"साहेब," चांगो म्हणाला, "तुमी तर..."

"हो रे, माहीत आहे मला." टिपणीस जरा ओशाळले. "तू चल सोबत. जिन्याला कठडा नाही अजून."

मेलेल्या माणसाला कठडा कशाला हवा, हे विचारायचं धाडस चांगोला झालं नाही. तो मागोमाग चढू लागला. उन्हानं जिना तापला होता. चांगोच्या पावलांखाली धूळ उडत होती. पुढच्या पावलांखाली उडत नव्हती. कबुतरं एरवी माणूस दिसला की फडफडून उठत. साहेब त्यांच्यामधून गेले, तरी एकही हललं नाही.

पाचव्या मजल्यावर साहेबांनी आपल्या फ्लॅटच्या न बसवलेल्या दारापाशी चपला काढल्या आणि आत गेले. समोरची भिंत अजून व्हायची होती. तिथून त्यांनी पेबचा डोंगर डोळे भरून पाहिला. मग वितीनं बाजूची भिंत मोजत म्हणाले, "इथे कपाट बसेल ना रे?"

"बसंल," चांगो म्हणाला. "पन साहेब, तिकडं घर दिलं नाय का तुमाला?"

"दिलं ना. दार सताड उघडं होतं. आतून काय सुंदर उजेड येत होता!"

"मंग?"

"मग काय, म्हटलं आधी इथलं बघून यावं. जीव अडकतो रे."

चांगोचा जीव मात्र भांड्यात पडला. म्हणजे पाळक सांगत होते ते सगळं होतं! त्यानं छातीवर हात ठेवून हालेलुया म्हटलं, आणि बायको गेल्यापासून जे विचारायला कुणी भेटलं नव्हतं, ते विचारलं. "माजी बायको हाय तिकडं. ठमी. बुटकीशी. कपाळावर गोंदलेलं. दिसली का वो?"

टिपणीसांनी आठवून पाहिलं. "शेजारच्या उंबऱ्यावर एक बाई बसली होती खरी. गोंदण होतं कपाळावर. विचारलं, बाहेर का बसलात? तर म्हणाली, नव्या घरात बाईमाणसानं एकटीनं पाय ठेवू नये. मालक येतायत मागनं."

ठमीचे शेवटचे श्वास चालू होते तेव्हा तिचा हात धरून चांगोनंच म्हटलं होतं, "तू हो म्होरं, मी आलोच." अशा वेळी माणूस असंच बोलतो. ती ते धरून बसेल, हे त्याला कुठं ठाऊक?

"कंदीपास्नं बसलीया?"

"ते कसं सांगणार? घड्याळ नाही तिकडे. पण उंबरा पार झिजलाय." टिपणीसांनी हात झटकले. "चल, निघतो मी. येतोस? तेवढीच सोबत."

हे त्यांनी चहाला बोलावल्याइतकं सहज विचारलं.

"याचंच हाय वो," चांगो घाईघाईनं म्हणाला. "न येऊन सांगतो कुनाला? पन गेट सोडता येत नाय ना. बदलीचा रिलिव्हर आल्याबिगर गेट सोडलं तर एजन्सी इचारंल." एजन्सीनं रिलिव्हर पाठवणं कधीच बंद केलं होतं. न येणारा रिलिव्हर हा फार सोयीचा माणूस असतो.

"बरोबर आहे. ड्यूटी म्हणजे ड्यूटी." टिपणीसांनी चपला घातल्या आणि जिन्याकडे न वळता, भिंत नव्हती त्या बाजूनं निघून गेले.

चांगो भिंत धरत धरत खाली आला. गेटवर, त्याच्या खुर्चीपाशी, एक माणूस उभा होता. एजन्सीचाच निळा युनिफॉर्म, कडक इस्त्रीचा. बूट कोरे करकरीत. शेलूच्या रस्त्यानं चालून आलेले बूट असे राहत नाहीत.

"जय ख्रिस्त, चांगोबाबा," तो हसून म्हणाला. "तुमची ड्यूटी घ्यायला आलोय." आणि त्यानं काठीसाठी हात पुढं केला.

चांगोनं काठी दिली. द्यावीच लागली. मग त्याला डबा आठवला.

"दोन घास खाऊन घेतो रं बाबा. उपाशीपोटी कुटं निघायचं?"

"खा की."

चांगो सावलीला बसला. डब्यात नाचणीची भाकरी होती. तिचा करंगळीच्या पेराएवढा तुकडा त्यानं मोडला आणि जन्मात कधी चावलं नसेल इतकं सावकाश चावायला घेतलं.

"होऊ द्या निवांत," नवा माणूस खुर्चीत टेकत म्हणाला. "उंबऱ्यावर त्याही थांबल्यात जेवायच्या."