बोटीवरचे चार स्पीकर

धाकट्या पोराची, विकीची एक खोड लक्ष्मीबाईला अजिबात सहन होत नव्हती. कुणी विचारो न विचारो, तो 'त्या दिवसा'ची गोष्ट सांगत सुटायचा. मीटर बघायला आलेल्या माणसालाही त्याने सोडलं नव्हतं. आता बोटीवरचे स्पीकर काढायला ठाकुर्लीहून आलेल्या सिद्धेशची पाळी होती.

"बोटीच्या पंख्यात दोरी गुंडाळलेली. इंजिन बंद केलं, दादा पाण्यात उतरला. मी स्टेअरिंगवर. चारही स्पीकर फुल वाजत होते. ओहोटीने ओढला त्याला. हाक मारली असेल रे त्याने, पण मला ऐकू येणार कशी?"

"तोंड आवर," लक्ष्मीबाई बाकावरून म्हणाली. "माणूस कामाला आलाय, तुझं कीर्तन ऐकायला नाय."

सिद्धेश खाली मान घालून स्क्रू फिरवत राहिला.

मिठागर गेलं तेव्हा थोरल्या मयूरने ही बोट घेतली होती. समोर घोडबंदर रोडचे टॉवर. तिथली माणसं वाढदिवसाला यायची, केक कापायची, नाचायची आणि दोन तास खाडीत फिरून परत जायची. मयूर गेला आणि अकरा महिने बोट तिवरांच्या कडेला, निळ्या ताडपत्रीखाली चिखलात पडून राहिली.

मयूरची बायको दर्शना आताही काठावरच उभी होती. वर ये म्हटलं तरी आली नव्हती. दिवसकार्य झाल्यावर ती एकदाच बोलली होती, "भावोजींना हाक ऐकू आलेली, आय. मला त्यांच्या डोळ्यांत दिसतं."

अख्ख्या भावकीसमोर लक्ष्मीबाईने तिला झाडलं होतं. "तू होतीस बोटीवर? घरात बसून बरे तुझे डोळे खाडीपर्यंत जातात!" तेव्हापासून दोघी मीठ-मिरचीपुरत्या बोलायच्या. एक पोरगा खाडीने नेला होता. दुसरा सुनेच्या जिभेने न्यावा, हे लक्ष्मीबाईला मंजूर नव्हतं.

उद्या बोट विकीच्या नावावर व्हायची होती. कागदावर बोट लक्ष्मीबाईच्या नावाची, म्हणून सही तिची. सही शिकताना स्वतःच्या नावातल्या जोडाक्षराने तिला म्हातारपणी आठवडाभर रडवलेलं. शिकवणारा मयूरच. दर्शनाचं म्हणणं, बोट मयूरच्या मुलीची. लक्ष्मीबाईचं म्हणणं, बोट चालवील त्याची.

विचारणाऱ्याला ती एवढंच सांगायची, दिवसच वाईट होता. चुलतदीर धाकू गेलेला, त्याचं सुतक चालू. घरात देवापुढे दिवा नाही, बोटीला फूल नाही, नारळ नाही. पार्टीवाल्यांना शब्द दिलेला म्हणून पोरं निघाली, आणि जेट्टीला पोचायच्या आधीच हे झालं. ऐकणारे मान हलवायचे.

गेल्या आठवड्यात विकीने ताडपत्री काढून सेट लावला. लाइट लागले, आवाज आला नाही. "खाऱ्या हवेने स्पीकर खाल्ले," म्हणत त्यानेच सिद्धेशला फोन केला.

सिद्धेशने चारही स्पीकर काढून ओळीत मांडले. खिशातून सेल काढला, दोन तारा लावून पहिल्या स्पीकरला टेकवल्या. खर्र झालं.

"हा जिवंत आहे."

दुसरा खर्र. तिसराही. चौथ्याचा कागद जरा फाटलेला, पण आवाज होता.

"विकीशेठ, स्पीकर ठणठणीत आहेत. रोग दुसरीकडे आहे. मावशी, जरा उठता का? वायरी तुमच्या बाकाखालून जातात."

लक्ष्मीबाई लगेच उठली नाही.

"उठ ना आय," विकी म्हणाला.

ती उठली. सिद्धेशने बाकाची फळी उचलली, आत हात घातला आणि वायरींचा जुडगा बाहेर ओढला.

"हे बघा. सगळ्या कापल्यात."

"उंदीर," विकी म्हणाला.

"उंदीर कुरतडतो शेठ. हा एका घावाचा काप आहे."

"मग चोर. वर्षभर बोटीला राखण नव्हती."

"चोर कापून इथेच ठेवून जाईल? तांबं घेऊन गेला असता."

विकी हसला. "तू पोलिसात जा रे. नवीन वायर टाक आणि मोकळा हो. परवा बोट पाण्यात घालायचीय."

"थांब," लक्ष्मीबाई म्हणाली. ती गुडघ्यावर हात टेकून खाली वाकली. "पोरा, नीट बघ. कापल्यावर कुणी परत जोडलेली दिसते का? गाठ, पट्टी, कायपण?"

सिद्धेशने एकेक टोक उन्हात धरलं. "नाय मावशी. जोडायची तर आधी सोलावी लागते. ही सोललेलीच नाय. वर हिरवा थर बघा किती जाड चढलाय. वर्षभराचा असेल."

"दुसरीकडून तार नेलेली?"

"जागाच नाय. सगळ्या वायरी इथूनच जातात."

"मयूरला दोन मिनिटांचं काम होतं ते," ती पुटपुटली. "त्याने जोडल्या असतील. अकरा महिने मी तेवढंच धरून बसलेले."

"काय बडबडतेस आय?" विकीने विचारलं. "चल घरी, ऊन लागलं तुला."

लक्ष्मीबाईने त्याचा हात झटकला आणि काठाकडे हाक मारली. "दर्शना! वर ये. तुझ्यासमोर बोलायचंय."

दर्शना फळीवरून वर आली. लक्ष्मीबाईने तिला आपल्या बाजूला उभं केलं, मग विकीकडे वळली. आवाज जराही चढवला नाही.

"सुतकात वाजवू नका म्हटलं, तर दोघं मला हसलात. म्हणून त्या दिवशी पहाटे येऊन मीच कोयतीने ह्या वायरी तोडल्या. बोटीवर गाणं नव्हतं, विकी. तुझा भाऊ हाका मारत होता, आणि तू ऐकत उभा होतास."