तीन काळ्या गुंड्या

मधली सुट्टी संपत आली होती. सहावीच्या रिकाम्या वर्गात उज्वलाबाईंनी टेबलावरचा स्टीलचा डबा उघडला, तीन काळ्या गुंड्या उचलल्या आणि झाकण लावलं. तेवढ्यात घंटा झाली. साडीला खिसा नाही, पर्स खाली ऑफिसात. गुंड्या मुठीतच राहिल्या.

डबा नव्या शिक्षिकेचा, निलोफरचा. पंचवटीतल्या या शाळेत येऊन पोरीला सहा महिने झाले नव्हते, अन् जो तो तिचंच कौतुक करत सुटला होता. तिचे अब्बा देवळाली कॅम्पात शिंपी. त्यांच्या दुकानातल्या गुंड्या आणून म्हणे ती गणित शिकवते! पांढरी म्हणजे अधिक एक, काळी म्हणजे उणे एक, दोघींची जोडी जमली की शून्य. उज्वलाबाईंनी बावीस वर्षं 'उणे उणे अधिक' घोकून घेतलं, कुणाचं काही अडलं नव्हतं. आता केंद्रप्रमुख पाठ बघायला येणार होते, तोही निलोफरचा. त्यांना आवडला तर पुढल्या वर्षी सातवीचं गणित, बाईंचं हक्काचं गणित, तिच्याकडे जाणार होतं. बाईंचा नुसता जळफळाट चालला होता.

साहेब मागच्या बाकावर बसले. शेजारी उज्वलाबाई.

"डब्यात दहा पांढऱ्या, दहा काळ्या," निलोफर म्हणाली. "सगळं मिळून किती?"

"शून्य!" वर्ग ओरडला.

"सृष्टी, ये, जोड्या लावून दाखव."

सृष्टी म्हणजे बाईंच्या तासाला 'पण का?' विचारून शिक्षा भोगणारी. तिने जोड्या लावल्या. शेवटी तीन पांढऱ्या एकट्याच उरल्या. पोरं कुजबुजायला लागली. साहेबांनी चष्मा सारखा केला. निलोफरने डबा उलटा करून झटकला, टेबलाखाली पाहिलं. तिचा चेहरा पार उतरला. बाईंच्या काळजात कसं गार वाटलं. मिरव आता, त्या मनात म्हणाल्या.

सृष्टी अजून त्या तीन गुंड्यांकडेच बघत होती.

"मॅडम, काळ्या तीन कमी आहेत. कुणीतरी नेल्यात." ती थांबली, आणि एकदम उसळली. "अय्या! शून्यातून उणे तीन नेले, म्हणून आपले अधिक तीन झाले. उणे काढून घेतलं की वाढतं!"

निलोफरचा चेहरा खुलला. साहेब बाकावरून अर्धे उठलेच.

"मग ज्यानं नेल्या त्याचं काय?" खिडकीजवळच्या हर्षलने विचारलं.

"त्याच्याकडे उणे तीन," सृष्टी म्हणाली. "अजून काय?"

सगळा वर्ग हसला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, पाठोपाठ पोरांनी. उज्वलाबाईंच्या मुठीतल्या गुंड्या घामाने भिजल्या होत्या.

साहेब त्यांच्याकडे वळले. "काय बाई, वाजवा की तुम्हीपण!"