ऐरणीवरची चमकी

चमकीतला खडा ऐरणीवर ठेवला, तेव्हा तिथं एकटी सुगंधाच हसत होती.

हसणार नाही तर काय! दोंडाईचाच्या शाळेतून सातवीच्या फायनलला पहिली आलेली पोर ती. पुढं धुळ्याच्या इंग्रजी शाळेत जायचं म्हणून तिनं सगळं घर डोक्यावर घेतलं होतं. घर मोठ्या काकांचं, लोटननानांचं. तिचे दादा, म्हणजे बाप, ती लहान असतानाच पटकीनं गेले. नानांनी मायलेकींना कधी उपाशी ठेवलं नाही, पण पोरीच्या शिक्षणाचं नाव काढलं की त्यांना ऐकू येईनासं व्हायचं. शेवटी माय भिकुबाईनं पेटीच्या तळातून आपली चमकी काढली. विधवेच्या नाकाला ती आता चालत नव्हती. नवऱ्यानं सुरतेच्या गिरणीत राबून आणलेली. देताना म्हणाला होता, हिरा आहे, जपून वापर.

नानांनी चमकी दोन बोटांत धरून उन्हाकडं फिरवली. गिरणीतल्या माणसाला हिरा कोण देतो, म्हणाले. भाऊ भोळा होता, कुणीतरी गंडवला त्याला. तरी त्यांनी शब्द दिला. खडा हिरा निघाला तर सुगंधा धुळ्याला. काच निघाली तर शिरपूरचं स्थळ, आणि येत्या रविवारी लग्नाची सुपारी फुटणार. नाना शब्दाला पक्के. सगळ्या गल्लीला ते माहीत होतं.

"जळगावले सराफले दखाडू ना एकदाव," माय दाराआडून म्हणाली.

"काचना तुकडाकरता जळगाव?" नाना हसले.

आता सुगंधाला कुठला धीर निघतोय! गुरुजींनी शिकवलेलं तिला घडाघडा पाठ होतं. गोवळकोंड्याच्या खाणी, कोळसा आणि हिरा हे एकाच पोटचे दोघे, एक काळाकुट्ट आणि एक लखलखीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जगात हिऱ्याइतकं कठीण काहीच नाही. मग जळगाव कशाला हवं? शेजारी तोताराम सोनाराची ऐरण होतीच.

तोतारामनं जन्मभर चांदीचे तोडे घडवले होते. हिरा त्याच्या ऐरणीवर कधी आलाच नव्हता. पण खरा हिरा लोखंडात रुततो, फुटत नाही, असं त्याच्या बापानं त्याला सांगितलेलं. पुस्तक आणि म्हातारी माणसं एकच बोलतात म्हटल्यावर सुगंधाला आणखी जोर चढला.

"मारा हातोडी, तोतारामकाका. हिरा असेल तर हातोडीलाच खड्डा पडेल."

उंबऱ्याशी उभ्या मायनं मागून तिचा हात धरला. राहू दे, म्हणाली. सुगंधा वळली.

"माय, तुझा दादांवर भरवसा नाही का?"

मायनं हात सोडला.

हातोडी पडली. आवाजसुद्धा मोठा झाला नाही, सुपारी फुटावी तेवढाच. खड्याच्या जागी पांढरा भुगा होता. तोतारामनं सवयीनं फुंकर मारली, आणि भुगा शेगडीच्या राखेत गेला.

नाना ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे पोरी. फसाडं व्हतं त्याले कोनी तरी."

परीक्षा सुगंधानंच मागितली होती. बापाचा तिला राग येत होता, आणि मेलेल्या माणसाचा राग आला की तो ठेवायचा कुठं, हे काही शाळेत शिकवत नाहीत. मायनं मात्र ऐरणीच्या बुडाशी उरलेला एक तुकडा उचलून पदराच्या गाठीत बांधला. काच का असेना, त्यांनी आणलेली होती.

रविवारी शिरपूरची माणसं ओट्यावर बसली. आत मायनं सुगंधाची वेणी घातली, आरसा तिच्यापुढं धरला. आरशावर तेलाचं बोट उमटलं होतं. मायनं पदरानं ते पुसलं.

कर्र.

आरशावर आडवी रेघ उठली, बरोबर सुगंधाच्या कपाळातून. तिनं रेघ बोटानं पुसली. मग नखानं खरवडली. रेघ हलेना. पदराच्या गाठीतून तुकड्याचं टोक बाहेर आलं होतं. सुगंधानं गाठ सोडली, तुकडा चिमटीत धरला आणि आरशावर सावकाश दुसरी रेघ ओढली. काच लोण्यासारखी कापली गेली. तुकड्याची धार जशीच्या तशी.

मग तिला धडा आठवला, या खेपेला नीट. हिऱ्यावर कशाचाच ओरखडा उठत नाही, हिरा मात्र कशावरही ओरखडा काढतो. धडा ओरखड्याचा होता. घावाचं त्यात एक अक्षर नव्हतं. ते तिनं आपल्या मनानं घातलं होतं.

ती दाराकडं धावली. ओट्यावर सुपारी फुटली होती. नानांनी शब्द दिला होता, आणि आता तर दोन्हीकडचे हात गुळानं चिकट झाले होते. सुगंधा चौकटीला धरून उभी राहिली.

मागं माय आरसा छातीशी कवटाळून बसली होती. कितीतरी वर्षांनी ती हसत होती.

"खरा व्हता व पोरी," ती म्हणाली. "तुना दादा खोटं नही बोलना."