जशी दुकानात, तशी मैदानात

मोटारींची ही शर्यत सामान्य माणसाची आहे, असे नियमावलीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापले होते. गाडी चार दारांची, घरगुती, कुणीही दुकानात जाऊन घेऊ शकेल अशी. आणि तशा निदान अडीच हजार गाड्या बनलेल्या असल्या पाहिजेत. जशी दुकानात, तशी मैदानात. पुढची एकशे चाळीस पाने सामान्य माणूस किती परींनी फसवू शकतो, याबद्दल होती.

मुख्य तपासनीसाला ती सगळी पाठ होती. त्यातली निम्मी त्याच्यामुळेच वाढली होती.

बावीस वर्षांत त्याने काचेच्या जागी प्लास्टिक पाहिले. कमी वजन लपवायला, वजनकाट्यावर जायच्या आधी घाईघाईने पाणी भरलेल्या टाक्या पाहिल्या. हेल्मेटात शिसे ओतून आलेला एक चालकही पाहिला. त्याची मान आठवडाभर वाकडी होती आणि तरी तो सांगत होता, "डोकं जडच असतं साहेब आमच्या घराण्यात."

सुरुवातीला तपासनीसाला राग येई. आता नुसती किळस येई. गॅरेजवाल्यांनी हात पुढे केला की तो हात मिळवी आणि लगेच, सगळ्यांदेखत, नळावर जाऊन साबणाने धुई. ते त्याला फूटपट्टी म्हणत.

त्या शनिवारी मोसमातली शेवटची शर्यत होती आणि त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी एक वाजता जी पांढरी गाडी पहिली आली, ती त्याच्या मेहुण्याची होती.

नऊ वर्षांपूर्वी याच मेहुण्याचे विजेतेपद त्याने तीन मिलिमीटरसाठी काढून घेतले होते. तेव्हापासून दोन्ही घरांचे येणेजाणे बंद. भाचीच्या लग्नाची पत्रिका आली, ती फक्त 'ताईस' अशी. ताई गेली नाही. त्या दिवशी तिने घरातली सगळी भांडी घासली, घासलेलीसुद्धा.

सकाळी बायकोने विचारले होते, "अहो, आज तो जिंकला तर?"

"तर तपासीन."

"आणि काही सापडलं तर?"

"तर लिहीन."

"लिहा. आणि खाली असंही लिहा, की हिला भाऊ नव्हताच. तुमच्या त्या सुवाच्य अक्षरात."

गाडी जॅकवर चढली. मेहुणा हाताची घडी घालून शेजारी येऊन थांबला.

"दाजी, नऊ वर्षांनी भेटतोय. कसे आहात?"

"लांब उभा राहा. सावली पडते."

"पुस्तकाबाहेरचा एक स्क्रू निघाला ना, तर मिशी उतरवीन."

"ती तरी तुझी स्वतःची आहे का, ते आधी बघावं लागेल."

पुस्तक म्हणजे कंपनीने त्या गाडीबद्दल लिहून दिलेली मापे, आणि तशा अडीच हजार बनवल्याचा शिक्का. पुस्तकात असेल ते गाडीत असावे, गाडीत असेल ते पुस्तकात. तपासनीसाचे काम एवढेच.

त्याने बॉनेट उचलले. ते एका हाताने उचलले गेले. पत्र्याचे बॉनेट असे उचलले जात नाही. त्याच्या तोंडाला जुनी, ओळखीची कडू चव आली. त्याने पुस्तक उघडले. पान चौदा : बॉनेट, ॲल्युमिनियम, साडेसात किलो. काट्यावर साडेसात किलो.

मागची सीट फळीएवढी पातळ होती. पान एकतीस : तेवढीच.

त्याने इंजिन उघडले. झडपा मोजल्या. काच नखाने वाजवली. सायलेन्सरमध्ये हात घातला, तो कोपरापर्यंत काळा करून बाहेर काढला. गाडीखाली आडवा झाला, तेव्हा कुठलेतरी तेल त्याच्या कानात टपकले. चार तासांनी जमिनीवर गाडी नव्हती, तिचे तुकडे होते. आणि प्रत्येक तुकडा पुस्तकातल्या मापाशी केसाचाही फरक न पडता जुळत होता.

त्याने पुस्तक मिटले. मग त्याने सही केली.

"हात धुणार नाही, दाजी?" मेहुण्याने विचारले.

"जेवायच्या आधी धुवीन," तो म्हणाला. बावीस वर्षांत कुणा गाडीवाल्याशी तो इतके गोड बोलला नव्हता.

रविवारी दोघे मेहुण्याकडे जेवायला गेले. बायको नऊ वर्षांचे एका दमात बोलली. निघता निघता तपासनीस म्हणाला, "आमची जुनी गाडी काढतोय. तुझ्यासारखीच घेणार. अगदी तोच प्रकार."

"कशाला हो दाजी? फार कडक असते ती. ताईची कंबर जाईल."

"जाऊ दे गेली तर," ताई म्हणाली. "माझ्या भावाची गाडी आहे."

"अगं, त्यापेक्षा साधी घ्या. मी सांगतो ना शोरूममध्ये. उद्या गर्दी असेल, पुढच्या महिन्यात बघू."

"साधी नको," तपासनीस म्हणाला. "जन्मभर बनवाबनवी बघितली. एक खरी गाडी सापडलीय, तिच्यातच बसायचंय मला."

मेहुण्याने सगळ्यांना पुन्हा पाणी विचारले.

सोमवारी दहाच्या ठोक्याला ती दोघे कंपनीच्या शोरूममध्ये हजर होती. बायकोने ठेवणीतली साडी नेसली होती. काउंटरवरच्या मुलीला तपासनीसाने गाडीच्या प्रकाराचा आकडा तोंडपाठ सांगितला, वर बॉनेटचे वजनही सांगितले. मुलीने तो आकडा संगणकात दोनदा टाकून पाहिला.

"सर, हा प्रकार आजपर्यंत कुणी मागितलाच नाही."

"लोकांना पारख नसते," तो समाधानाने म्हणाला.

"आम्हाला घाई नाही हं," बायको म्हणाली. "पण पांढरीच हवी. किती दिवस थांबावं लागेल, तेवढं विचारा."

मुलगी कारखान्यात फोन करायला आत गेली. बायकोने तेवढ्यात रंगांचा तक्ता पाहून घेतला. तपासनीसाने शेजारच्या गाडीचे बॉनेट सहज उचलून पाहिले. त्याला दोन्ही हात लावावे लागले.

मुलगी बाहेर आली.

"मॅडम, ती एकच बनली होती. ती परवा शर्यत जिंकली."