सपाटीवरचं कॉलेज

मारिटचं मन डोंगरातल्या कॉलेजात अडकलं होतं. तिथे वर्गातून उठून थेट कड्यावर चढायला जाता आलं असतं, पण फी डोळे पांढरे करणारी. सपाटीवरचं कॉलेज शिष्यवृत्ती देत होतं, म्हणजे पुढे वकिली शिकायला पैसे उरले असते.

"पण बाबा, तिथे मी चढू कशावर? धान्याच्या कोठारांवर?"

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात नदीवर पर्यटकांना राफ्टमधून फिरवणारा तिचा बाप ऑरिन वल्हं मारायचा थांबला. "मग जा ना डोंगरात! हे वकिलीचं खूळ तुझ्या डोक्यात घातलं कुणी?"

"तूच! शेजारच्या गुरांच्या रँचवाल्याने नदीकडे जाणारी वाट बंद केली तेव्हा म्हणालास, घरात एक तरी वकील हवा होता."

"अगं, रागात बोललो मी! राफ्ट जाळून टाकीन असंही म्हणालो होतो त्या दिवशी."

मारिट त्याच्याकडे बघतच राहिली. म्हणजे आता ती मोकळी होती. कडे, बर्फ, सगळं तिचं. पण किनारा येईपर्यंत तिच्या डोक्यात कडे नव्हते, नदीची ती बंद वाटच घोळत होती.

"सपाटीवाल्यांना हो कळवते," उतरताना ती म्हणाली, आणि बापाइतकीच तीही चक्रावली.