पहिला नकार

मुलाचं दिवसकार्य उरकलं आणि स्टॉकहोमच्या त्या घरात कुमुदिनीबाई आणि सून इन्ग्रिड दोघीच उरल्या.

"आई, इथेच राहा ना माझ्याजवळ," नवऱ्याने शिकवलेल्या मोडक्या मराठीत इन्ग्रिड म्हणाली.

कुमुदिनीबाईंना दुसरं काय हवं होतं! इस्लामपुरात आता त्यांचं कुणीही नव्हतं. पण लगेच हो कसं म्हणायचं? "नको गं, तुला कशाला त्रास," म्हणत त्या आग्रहाची वाट पाहू लागल्या.

इन्ग्रिडने मान डोलावली. तिच्याकडे एकदा नकार मिळाल्यावर पुन्हा विचारणं उद्धटपणाचं मानत. संध्याकाळी तिने परतीचं तिकीट काढलं.

विमानतळावर ती गळ्यात पडून रडली. "मला वाटलं होतं, तुम्ही हो म्हणाल."

आपणहून मागणं कुमुदिनीबाईंना तेव्हाही जमलं नाही. "येते हं," एवढंच त्या म्हणाल्या.