चढणीचे मासे

गळाला लावलेली कणकेची गोळी पुन्हा विरघळून गेली. गणपतने नवीन गोळी वळली आणि गळ डोहात सोडला.

"बरक्याच्या बाजारात केवढे मासे होते," नंदा म्हणाली. "तेच घेतले असते तर एव्हाना कालवण झालं असतं."

"विकतचे मासे तू गावालाही खातेस."

तो ओमानमध्ये, बरक्याला एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये होता. नंदा व्हिजिट व्हिसावर आली होती आणि परवा परत जाणार होती. तेवढ्यात त्याला मिळालेला सुट्टीचा हा एकच शुक्रवार. मित्राची गाडी मागून तो तिला वादीत, म्हणजे इथल्या कोरड्या नदीत, धरणाच्या खाली घेऊन आला होता. वाटेत एक फलक लागला होता. वर अरबी अक्षरं, खाली लाट आणि लाटेत हात वर केलेला माणूस. "पोहायला बंदी आहे," गणपत म्हणाला होता. "आपण कुठं पोहतोय?"

गाडी वर रस्त्याला होती. खाली कोरडं, गोट्यांनी भरलेलं रुंद पात्र, आणि मध्ये हा एक डोह. डोक्यावर आभाळ स्वच्छ होतं. धरणाच्या पलीकडच्या डोंगरांवर मात्र कालपासून ढग बसलेले होते.

नंदा धरणाकडे बघत होती. पांढऱ्या भिंतीवर मधोमध एक काळपट रेघ उमटली होती. मघाशी ती नव्हती.

"अहो, भिंत ओली झालीय."

"पाझरत असेल. धरण म्हटल्यावर पाझरायचंच."

समोरच्या काठाखाली एका म्हाताऱ्या ओमानी माणसाची पिकअप उभी होती. तो घाईघाईने शेळ्या मागे चढवत होता. फळी लावून झाल्यावर त्याने हॉर्न वाजवला, त्यांच्याकडे बघून हात खालून वर, खालून वर हलवला. "यल्ला, यल्ला," एवढं ऐकू आलं.

"सलाम, अर्बाब," गणपतनेही हात केला. "जुम्म्याची घाई झालीय त्याला."

"आपल्याला बोलावत होता."

"नमाजाला? मला?" गणपत हसला.

पिकअप वर चढून दिसेनाशी झाली.

मग गोट्यांमधून एक बारीक धार उतरली आणि डोहाला येऊन मिळाली. पाण्याला हालचाल आली. तळाशी सुस्त पडलेल्या चिलापी एकदम वळल्या. एक धारेत घुसली, तिच्यामागे दुसरी, मग सगळ्याच. वीतभर पाण्यात अंग घासत, शेपट्या आपटत त्या धरणाच्या दिशेने निघाल्या.

गणपतने गळ टाकून दिला.

"नंदा, चढणीचे," तो म्हणाला. त्याचा आवाज वेगळाच झाला होता. "पऱ्ह्याला पाणी आलं की कसे चढतात गावाला? तसेच. आण, तुझी ओढणी आण."

तिने ओढणी दिली. त्याने चपला एका गोट्यावर काढून ठेवल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पात्राच्या मध्यावर, धार जिथे अरुंद होत होती तिथे जाऊन ओढणी आडवी धरली. पहिल्याच खेपेला चार मासे आले. त्याने एकेक करून काठावर फेकले, तिने पिशवीत भरले. दुसऱ्या खेपेला सहा.

"पुरे झाले. माणसं दोन आपण."

"पाटी भरल्याशिवाय कधी कोण घरी गेलंय?"

मासे चढतच होते. तो वाकून, नजर पाण्यावर ठेवून काम करत होता. पाणी त्याच्या घोट्याशी होतं, ते पोटऱ्यांवर आलं. त्याच्या चपला एकामागून एक नंदाच्या समोरून वाहत गेल्या.

"अहो, चपला गेल्या."

"जाऊ देत. नव्या घेऊ."

पाणी आता कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं होतं. त्यातून काटक्या येत होत्या, मग एक अख्खी फांदी आली, हिरव्या पानांची. भिंतीवरची रेघ राहिली नव्हती. तिथे मधोमध सगळी भिंतच काळी दिसत होती. कुठेतरी लांब डंपर खडी ओतत असावा तसा आवाज येऊ लागला. खडी संपत नव्हती.

"बाहेर या," नंदा ओरडली. "अहो, आधी बाहेर या."

गणपतने कानामागे हात धरला. मग मान हलवली आणि ओढणीचं एक टोक तिच्याकडे उंच केलं.

"तूच ये खाली. हे टोक धर. एकट्याला आवरत नाहीये."

त्याला ओढून आणल्याशिवाय तो येणार नाही, हे तिला कळलं. तिने पिशवी खाली ठेवली, सलवार वर खोचली आणि काठाच्या खडकाला धरून उतरू लागली.

मध्यावर गणपतने ओढणी उचलली. ती रिकामी होती. त्याने पुन्हा बुडवली, पुन्हा उचलली. पाणी त्याच्या मांड्यांना लागत होतं.

"आं?" तो म्हणाला. "आता तर होते. गेले कुठं सगळे?"

नंदाने पाऊल टाकायला खाली पाहिलं. जागा नव्हती. खडकाच्या आडोशाला, ओंजळभर संथ पाण्यात, मासे एकमेकांना चिकटून गच्च उभे होते. त्यांच्या पाठी पाण्याच्या वर आल्या होत्या. सगळ्यांची तोंडं काठाकडे होती.